युनिक्स टर्मिनलमधील नवीन टपालाची सूचना

युनिक्स टर्मिनलमधील नवीन टपालाची सूचना म्हणजे युनिक्स किंवा तत्सम संगणक प्रणालीवर काम करणाऱ्या वापरकर्त्याला, त्याच्या टपालपेटीत नवे ई-पत्र आल्याचे टर्मिनलच्या पडद्यावरच कळविण्याची व्यवस्था होय. ही सूचना कधी एका ओळीच्या मजकुराने, कधी घंटेच्या आवाजाने, तर कधी खिडकीच्या शीर्षकपट्टीतील बदलाने दिली जाते. शेलमधील टपाल तपासणी, बिफ व कॉमसॅट ही जोडी आणि एक्सबिफ हा चित्रात्मक कार्यक्रम ही या व्यवस्थेची प्रमुख रूपे आहेत. ब्राउझरमधून टपाल वाचण्याची पद्धत रूढ झाल्यावर वैयक्तिक पत्रांसाठी या सूचनांचा वापर कमी झाला. तथापि सर्व्हरवरील आपोआप चालणाऱ्या कामांचे अहवाल आजही स्थानिक टपालानेच येत असल्यामुळे प्रणाली व्यवस्थापकाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व टिकून आहे.

या लेखात आज्ञा, चल आणि फाइली यांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरात ती रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून टंकावी लागतात. मेल, मेलचेक व मेलपाथ या शेलच्या चलांची नावे सर्व मोठ्या अक्षरांत, तर बिफसारख्या आज्ञांची नावे सर्व लहान अक्षरांत लिहितात.

== पार्श्वभूमी ==

एकाच संगणकावर अनेकांनी आळीपाळीने वेळ वाटून घेऊन काम करण्याची पद्धत 1960 च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सीटीएसएस प्रणालीवर टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस यांनी 1965 मध्ये टपालाची आज्ञा लिहिली. पत्र पाठविणारा व ते वाचणारा एकाच वेळी यंत्रापुढे असतीलच असे नसल्याने, पत्र येऊन पडले आहे हे दुसऱ्याला कळावे कसे, हा प्रश्न टपालाबरोबरच जन्माला आला.

युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या आवृत्तीत टपालाची आज्ञा होती. आरंभीच्या युनिक्समध्ये वापरकर्त्याने प्रवेश करताच, म्हणजे लॉगइन करताच, टपाल असल्यास तसे सांगणारी एक ओळ छापली जाई. ‘यू हॅव मेल’ ही ती सुप्रसिद्ध ओळ. मात्र ही सूचना प्रवेशाच्या क्षणापुरतीच होती. सकाळी प्रवेश करून सायंकाळपर्यंत टर्मिनलपुढे बसणाऱ्याला दुपारी आलेल्या पत्राचा पत्ता लागत नसे. ही उणीव दोन वेगवेगळ्या मार्गांनी भरून काढण्यात आली आणि पुढील सर्व साधने या दोन मार्गांतूनच निघाली.

== दोन पद्धती ==

या दोन मार्गांतील भेद प्रत्यक्ष टपालाच्या उदाहरणाने सहज समजतो. गावातील एखादा गृहस्थ बाजारास जाता-येता टपाल कार्यालयात डोकावून ‘आमचे काही पत्र आहे का?’ असे विचारतो. दुसऱ्याच्या दारात पोस्टमन सायकलची घंटा वाजवितो. पहिल्याला पत्राची बातमी त्याच्या सोयीने, पण उशिरा मिळते. दुसऱ्याला ती तत्काळ मिळते, पण हातातील काम थांबवावे लागते.

* '''विचारून कळणे:''' शेल हा कार्यक्रम ठरावीक काळाने टपालपेटीची फाइल बदलली आहे का, हे पाहतो आणि पुढचा प्रॉम्प्ट दाखविण्यापूर्वी सूचना छापतो. वापरकर्त्याच्या चालू कामात व्यत्यय येत नाही.
* '''हाक मारून कळणे:''' पत्र पेटीत टाकणारा कार्यक्रमच दुसऱ्या कार्यक्रमाला निरोप देतो आणि तो वापरकर्त्याच्या पडद्यावर तत्क्षणी मजकूर लिहितो. बिफ आणि कॉमसॅट यांचे कार्य या प्रकारचे आहे.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. पत्र आपल्या यंत्रावरील पेटीत पडल्यानंतरच सूचना मिळते. पत्र वाटेत किती काळ अडकले होते, याच्याशी तिचा संबंध नसतो.

== शेलमधील तपासणी ==

=== मेल, मेलचेक आणि मेलपाथ ===

1979 मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेलमध्ये ‘मेल’ नावाचा चल होता. या चलाला टपालपेटीच्या फाइलचे नाव दिले की शेल त्या फाइलवर लक्ष ठेवी. पुढे त्यात आणखी दोन चलांची भर पडली.

* '''मेल:''' एकाच टपालपेटीचा संपूर्ण मार्ग. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींवर तो ‘/व्हार/मेल/’ किंवा ‘/व्हार/स्पूल/मेल/’ या डिरेक्टरीत वापरकर्त्याच्या नावाने असतो. जुन्या प्रणालींवर ‘/यूएसआर/स्पूल/मेल/’ किंवा ‘/यूएसआर/मेल/’ ही जागा असे.
* '''मेलचेक:''' दोन तपासण्यांमधील किमान अंतर, सेकंदांत. पॉसिक्स मानकानुसार न सांगता गृहीत धरलेले मूल्य 600 सेकंद आहे, तर बॅश या शेलमध्ये ते 60 सेकंद आहे. मूल्य 0 ठेवल्यास प्रत्येक प्रॉम्प्टपूर्वी तपासणी होते. बॅशमध्ये हा चल काढून टाकल्यास तपासणी बंद होते.
* '''मेलपाथ:''' एकाहून अधिक टपालपेट्यांची यादी. दोन नावांमध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह घालतात. प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन त्या पेटीसाठी स्वतःचा संदेश लिहिता येतो. मेलपाथ ठरविलेला असल्यास मेल हा चल विचारात घेतला जात नाही.

सी शेल व त्याची सुधारित आवृत्ती टीसी शेल यांत यासाठी लहान अक्षरांतील ‘मेल’ हा चल वापरतात. त्यात आधी सेकंदांची संख्या व मग फाइलचे नाव असे एकाच कंसात देता येते. संख्या न दिल्यास दहा मिनिटांनी तपासणी होते. झेड शेलमध्ये बॅशप्रमाणेच मेलचेक व मेलपाथ हे चल असून तेथेही गृहीत मूल्य 60 सेकंदांचे आहे.

=== बॅशमध्ये सूचना सुरू करण्याची रीत ===

# प्रथम ‘एको’ या आज्ञेने मेल या चलाचे सध्याचे मूल्य पाहावे. ते रिकामे असल्यास आपली टपालपेटी कोठे आहे, हे ‘/व्हार/मेल’ मध्ये पाहून शोधावे.
# घरच्या डिरेक्टरीतील ‘.बॅशआरसी’ या फाइलमध्ये मेल या चलाला त्या पेटीचा मार्ग द्यावा. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नये. नवख्या विद्यार्थ्यांकडून होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे.
# त्याच फाइलमध्ये मेलचेक या चलाला 30 किंवा 60 असे मूल्य द्यावे.
# स्वतःचा संदेश हवा असल्यास मेल ऐवजी मेलपाथ वापरावा आणि प्रश्नचिन्हापुढे ‘नवीन टपाल आले आहे’ असा मजकूर लिहावा. प्रश्नचिन्हाला शेलमध्ये वेगळा अर्थ असल्याने संपूर्ण मूल्य एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावे. युटीएफ-8 वर चालणाऱ्या टर्मिनलमध्ये देवनागरी संदेश चालतो.
# नवी खिडकी उघडावी, किंवा ‘सोर्स’ या आज्ञेने ती फाइल पुन्हा वाचावी.
# दुसऱ्या खिडकीतून स्वतःलाच एक चाचणी पत्र पाठवावे. ठरविलेला काळ लोटल्यावर पहिल्या खिडकीत एंटर कळ दाबावी. संदेश प्रॉम्प्टच्या आधी दिसला पाहिजे.

शेवटच्या पायरीतील एंटर कळ दाबणे आवश्यक आहे. शेल केवळ प्रॉम्प्ट दाखविण्यापूर्वीच तपासणी करीत असल्याने, खिडकी नुसती उघडी ठेवून पडद्याकडे पाहत राहिल्यास सूचना कधीच उमटणार नाही. तसेच एखादा कार्यक्रम दोन तास चालू राहिला, तर ते दोन तास शेल गप्पच असतो.

=== ‘टपाल आहे’ आणि ‘नवीन टपाल आहे’ ===

बॅश दोन वेगळे संदेश देतो. पेटीत पत्रे आहेत परंतु फाइल बदलल्यानंतर ती वाचली गेलेली आहे, अशा वेळी ‘टपाल आहे’ या अर्थाचा संदेश येतो. फाइल बदलल्यानंतर ती कोणी वाचलेलीच नसेल, तर ‘नवीन टपाल आहे’ असे सांगितले जाते. हा निर्णय शेल पत्र उघडून करीत नाही. प्रत्येक फाइलबरोबर तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला आणि ती शेवटची वाचली केव्हा गेली, या दोन वेळा नोंदलेल्या असतात. त्यांची तुलना हा त्याचा मुख्य आधार असतो.

यामुळे एक फसगत संभवते. सुरक्षा-प्रत काढणाऱ्या कार्यक्रमाने टपालपेटी वाचली, तरी शेलच्या लेखी ती ‘वाचली गेली’. वापरकर्त्याने पत्र पाहिलेले नसतानाही त्याला ते नवीन म्हणून सांगितले जात नाही. उलट डिस्कवरील लेखन वाचविण्यासाठी वाचनाची वेळ नोंदविणेच बंद केले असेल, तर वाचलेले पत्रही नवीनच ठरते. लिनक्सच्या गाभ्यात 2009 पासून ‘रेलएटाइम’ हा मध्यममार्ग सर्वत्र लागू करण्यात आला. यात फाइल बदलल्यानंतरच्या पहिल्या वाचनाची वेळ नोंदली जाते, त्यामुळे टपाल तपासणारे कार्यक्रम बिघडत नाहीत.

== बिफ आणि कॉमसॅट ==

=== नामकरण ===

बिफ ही आज्ञा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्समध्ये, 4.0बीएसडी या 1980 च्या आवृत्तीत प्रथम आली. ती जॉन फोडेरारो यांनी लिहिली. तेथील हायडी स्टेटनर यांच्या कुत्र्याचे नाव बिफ होते आणि तेच या आज्ञेला देण्यात आले. पोस्टमन आला की हा कुत्रा भुंकत असे, म्हणून हे नाव पडले, अशी कथा अनेक पुस्तकांत आढळते. परंतु ती खरी नसल्याचे आज्ञेच्या लेखकानेच सांगितले आहे. हा कुत्रा ऑगस्ट 1993 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी मरण पावला, अशी नोंद या आज्ञेच्या माहितीपुस्तिकेत आजही आहे.

=== कार्यपद्धती ===

‘बिफ वाय’ अशी आज्ञा दिली की त्या टर्मिनलवर सूचना सुरू होते आणि ‘बिफ एन’ दिल्यावर बंद होते. नुसते ‘बिफ’ टंकल्यास सद्यःस्थिती कळते. फ्रीबीएसडीत ‘बिफ बी’ असेही सांगता येते. तेव्हा मजकूर न छापता केवळ घंटा वाजते.

युनिक्समध्ये प्रत्येक टर्मिनल हे एका फाइलच्या रूपाने दिसते व त्या फाइलला इतर फाइलींप्रमाणेच परवानग्या असतात. टर्मिनल ‘चालविण्याची’ परवानगी निरर्थक असल्यामुळे तो बिट रिकामाच पडून असे. बिफच्या लेखकाने त्याचाच उपयोग खुणेसारखा केला. बिट लावलेला असला तर या टर्मिनलच्या मालकाला सूचना हवी आहे, असे समजावयाचे. दुसऱ्या वापरकर्त्यांकडून येणारे थेट संदेश रोखणारी ‘मेसेज’ ही आज्ञा याच परवानग्यांपैकी गटाच्या लेखनाचा बिट वापरते. दोन्ही आज्ञा स्वतंत्र असल्याने त्यांची गल्लत करू नये.

पुढील काम कॉमसॅट हा पार्श्वभूमीवर चालणारा कार्यक्रम करतो. पत्र पेटीत टाकणारा कार्यक्रम यूडीपीच्या 512 क्रमांकाच्या द्वारावर कॉमसॅटला एक छोटा निरोप पाठवितो. त्यात वापरकर्त्याचे नाव आणि नवे पत्र पेटीच्या फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होते, एवढेच असते. कॉमसॅट सध्या प्रवेश केलेल्यांची नोंदवही पाहतो, त्या व्यक्तीच्या प्रत्येक टर्मिनलची खूण तपासतो आणि खूण असलेल्या पडद्यांवर पत्राचा आरंभ छापतो. शीर्षभागातील पाठविणारा, प्रति, दिनांक व विषय एवढ्याच ओळी घेऊन एकूण पहिल्या 7 ओळी किंवा 560 अक्षरे दाखविली जातात.

=== अनेक खिडक्या असताना ===

एकाच वेळी पाच-सहा टर्मिनल खिडक्या उघडून काम करणाऱ्याने पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

* बिफची स्थिती प्रत्येक खिडकीपुरती असते. प्रवेशाच्या वेळी आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये ती सुरू केल्यास सर्वच खिडक्यांत सूचना उमटतात. म्हणून ती एकाच राखीव खिडकीत सुरू करणे सोयीचे असते.
* शेलची तपासणीही प्रत्येक खिडकीत वेगळी चालते; त्यामुळे एकाच पत्राची वार्ता प्रत्येक खिडकीत मिळते. ज्या खिडकीत ती नको, तेथे मेलचेक हा चल काढून टाकावा.
* व्हीआयसारख्या संपादकात लेखन चालू असताना बिफचा मजकूर पडद्यावर मध्येच येऊन पडतो. यामुळे फाइल बिघडत नाही, केवळ पडदा विस्कटतो. कंट्रोल व एल या कळा दाबल्यावर तो पुन्हा नीट रेखाटला जातो.
* कॉमसॅट प्रवेशांची नोंदवही पाहत असल्याने, त्या वहीत नोंद न करणाऱ्या टर्मिनल कार्यक्रमांच्या खिडक्यांत बिफची सूचना येत नाही.

== खिडकी प्रणालीवरील साधने ==

एमआयटीत विकसित झालेल्या एक्स विंडो प्रणालीबरोबर जिम फुल्टन यांनी लिहिलेला एक्सबिफ हा छोटा कार्यक्रम येतो. पडद्याच्या कोपऱ्यात टपालपेटीचे चित्र असते. पत्र आले की पेटीवरील निशाण वर होते व घंटा वाजते. चित्रावर माउसने टिचकी मारली की निशाण खाली येते. तपासणी दर 30 सेकंदांनी होते. हे चित्र अमेरिकेतील घरापुढच्या पेटीवरून घेतले आहे. प्रत्यक्षात तेथे निशाण वर करणे म्हणजे ‘पाठवावयाचे पत्र आत आहे, घेऊन जा’ असे पोस्टमनला सांगणे होय. एक्सबिफने तो अर्थ उलटा केला. घरापुढे अशी पेटी नसलेल्या भारतीय वापरकर्त्याला हे चित्र समजावून सांगावे लागते.

एल्म या टपाल कार्यक्रमासोबत ‘न्यूमेल’ आणि ‘डब्ल्यून्यूमेल’ अशा दोन आज्ञा येत. पहिली पार्श्वभूमीवर राहून चालू टर्मिनलवर पाठविणाऱ्याचे नाव व विषय छापते, तर दुसरी स्वतःसाठी राखलेल्या खिडकीत चालविण्यासाठी आहे. पाइन आणि मट हे टपाल वाचण्याचे कार्यक्रम उघडे असतील, तर ते स्वतःच तपासणी करतात. पाइनमध्ये गृहीत अंतर 150 सेकंदांचे, तर मटमध्ये 5 सेकंदांचे आहे.

टर्मिनल खिडकीच्या शीर्षकपट्टीचा मजकूर विशिष्ट नियंत्रण-अक्षरे पाठवून बदलता येतो. त्यामुळे पत्रांची संख्या मोजून ती शीर्षकात लिहिणारी चार-सहा ओळींची शेल आज्ञावली अनेक जण वापरतात. कामाच्या मजकुरात काहीही न मिसळता सूचना मिळते, हा तिचा लाभ आहे.

== भारतातील व महाराष्ट्रातील वापर ==

भारतात युनिक्सवरील टपालाचा आरंभ महाराष्ट्राशी निगडित आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 1986 मध्ये अर्नेट हे शैक्षणिक व संशोधन जाळे हाती घेतले. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आणि पवई येथील आयआयटी यांच्यात 1986-87 मध्ये दूरध्वनी जोडणीवरून ई-टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. श्रीनिवासन रमणी हे एनसीएसटीचे प्रमुख होते. पुढे पुण्यातील आयुका ही संस्था अर्नेटच्या जाळ्यातील एक केंद्र बनली.

या आरंभीच्या काळात यूयूसीपी पद्धत वापरात होती. दोन यंत्रे सतत जोडलेली नसत. एक यंत्र ठरावीक वेळी दुसऱ्याला दूरध्वनी करी आणि साचलेली पत्रे एकगठ्ठा उचलली जात. त्यामुळे पत्रे दिवसभर तुरळक येण्याऐवजी झुंडीने येत आणि बिफ सुरू ठेवलेल्याच्या पडद्यावर सूचनांची रांग लागे. अशा परिस्थितीत शेलची एका ओळीची सूचनाच पुरेशी असे.

सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने 15 ऑगस्ट 1995 रोजी खुली केली. त्यात दोन प्रकारची खाती होती. महागड्या टीसीपी/आयपी खात्यावर चित्रांसह संकेतस्थळे पाहता येत. स्वस्त शेल खात्यावर मात्र घरच्या संगणकाचे रूपांतर केवळ एका टर्मिनलमध्ये होई आणि सर्व काम निगमच्या युनिक्स यंत्रावर चाले. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे शेल खाते असे. या खातेदारांच्या पत्त्यांत यंत्राचे नाव दिसे. पुण्याच्या पत्त्यांतील ‘जीआयएएसपीएन01’ यामधील शेवटची अक्षरे पुण्याची, तर मुंबईच्या ‘जीआयएएसबीएम01’ मधील बॉम्बेची निदर्शक होती. एका संपूर्ण पिढीची युनिक्सशी पहिली ओळख या खात्यांतून, पाइनमध्ये पत्रे वाचताना झाली.

या सेवेत जोडणीच्या वेळेचे मोल होते. खात्याचे तास मोजलेले असत आणि दूरध्वनीचे देयक वेगळे येई. मोठ्या शहराबाहेर हा भार अधिक होता. पुणे जिल्ह्यातीलच शिरूर आणि दौंड ही तालुक्याची गावे घेतली, तर त्यांचे एसटीडी संकेतांक अनुक्रमे 02138 आणि 02117 असे पुण्याहून वेगळे आहेत. तेथून पुण्यातील यंत्राशी जोडणी करावयाची म्हणजे एसटीडीच्या दराने पैसे मोजावे लागत. अशा ठिकाणी प्रवेश करताच दिसणारी ‘टपाल आहे’ किंवा ‘टपाल नाही’ ही एक ओळ सोय म्हणून नव्हे, तर काटकसर म्हणून उपयोगी होती. पत्र नसेल तर पाइन उघडण्याची वाट न पाहता जोडणी तोडता येई.

== देवनागरी पत्रांची अडचण ==

बिफ व कॉमसॅट यांची रचना इंग्रजी पत्रे डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. मूळ टपाल मानकात पत्राच्या शीर्षभागात केवळ आस्की अक्षरे चालत. इतर लिप्यांतील विषय लिहिण्यासाठी सांकेतिक रूपाची सोय पुढे करण्यात आली. नोव्हेंबर 1996 मधील आरएफसी 2047 हा त्याचा प्रचलित दस्तऐवज आहे. मराठीत ‘उद्या सुट्टी’ असा विषय लिहिलेले पत्र आले, तर वाचण्याचा कार्यक्रम ते उलगडून दाखवितो. कॉमसॅट मात्र उलगडत नाही, आणि पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते.

युटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा वा हलंत, 3 बाइट जागा घेते. बेस64 या सांकेतिक रूपात त्याची 4 अक्षरे होतात. म्हणजेच कॉमसॅटच्या 560 अक्षरांच्या मर्यादेत सांकेतिक रूपातील जास्तीत जास्त 140 देवनागरी चिन्हे बसतील आणि त्यांतील एकही वाचता येणार नाही. मराठी पत्रव्यवहार करणाऱ्याने म्हणून तीनपैकी एक मार्ग धरावा: मजकूर न दाखविता केवळ आल्याची वार्ता देणारी शेलची सूचना वापरावी, घंटेवर भागवावे, किंवा विषय उलगडून दाखविणारी स्वतंत्र आज्ञावली लिहावी. जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी टर्मिनल कार्यक्रमही योग्य असावा लागतो. एमएलटर्म हा भारतीय लिप्यांचा विचार करून बनविलेला असा एक कार्यक्रम आहे.

== आजचे महत्त्व: न वाचलेली सूचना ==

युनिक्सवर ठरावीक वेळी आपोआप कामे करणाऱ्या कार्यक्रमाला क्रॉन म्हणतात. क्रॉनने चालविलेल्या कामाने काही मजकूर छापला, मग तो चुकीचा संदेश असला तरी, तो त्या कामाच्या मालकाला स्थानिक टपालाने पाठविला जातो. सर्व्हरवरील बहुतेक महत्त्वाची कामे ‘रूट’ या मुख्य वापरकर्त्याच्या नावे असतात.

समजा, दौंडमधील एखाद्या पतसंस्थेच्या संगणकावर रोज रात्री हिशेबांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली जाते. एके दिवशी दुसरी डिस्क भरते. क्रॉन त्याच रात्रीपासून ‘जागा उरली नाही’ असे पत्र रूटच्या पेटीत टाकू लागतो. व्यवस्थापक मात्र स्वतःच्या नावाने प्रवेश करतो. त्याचा शेल त्याच्याच पेटीवर लक्ष ठेवतो आणि ती रिकामी असते. पुढे मूळ डिस्क बंद पडते तेव्हा शेवटची उपयुक्त प्रत कित्येक महिन्यांपूर्वीची असल्याचे आढळते. यंत्राने दररोज सांगितलेले असते. ऐकणारा कोणी नसतो.

हा धोका टाळण्याचे उपाय सोपे आहेत.

* ‘/इटीसी/एलियासेस’ या फाइलमध्ये रूटचे टपाल प्रत्यक्ष व्यक्तीच्या नावे वळवावे व नंतर ‘न्यूएलियासेस’ ही आज्ञा चालवावी.
* क्रॉनच्या यादीत आरंभी ‘मेलटू’ या चलाला नियमित वाचला जाणारा पत्ता द्यावा.
* व्यवस्थापकाच्या शेलमध्ये मेल किंवा मेलपाथ हा चल योग्य पेटीकडे वळविलेला आहे, याची चाचणी पत्र पाठवून खात्री करावी.
* टपाल वितरणाचा कार्यक्रम यंत्रावर मुळात आहे का, ते पाहावे. डेबियन व उबुंटू प्रणालींवर तो नसल्यास क्रॉन कामाचा मजकूर टाकून देतो आणि तशी एक नोंद मात्र करतो.
* नेहमीच्या यशाचे मजकूर दाबून टाकावेत. रोज ‘सर्व ठीक’ असे पत्र येऊ लागल्यास ‘टपाल आहे’ या ओळीकडे पाहण्याची सवय मोडते आणि अपयशाचे पत्र त्याच ढिगात हरवते.

== गोपनीयता आणि मर्यादा ==

बिफ पत्राचा प्रत्यक्ष मजकूर पडद्यावर आणत असल्याने तो शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, किंवा पडदा भिंतीवर मोठा करून शिकविताना ही बाब गंभीर ठरते. अशा वेळी ‘बिफ एन’ देऊन ठेवणे इष्ट आहे. शेलची सूचना पत्र आल्याखेरीज काहीच उघड करीत नाही.

अनेक वापरकर्ते असलेल्या यंत्रावर प्रत्येक पत्रासाठी कॉमसॅटला निरोप देणे कामगिरीच्या दृष्टीने खर्चीक ठरते. पोस्टफिक्स या वितरण कार्यक्रमात ही सोय जुन्या पद्धतीशी सुसंगती राखण्यापुरती सुरू असते. डेबियनमधील त्याच्या जुळणीत ती बंदच ठेवलेली असते. कॉमसॅट आणि बिफ बहुतेक लिनक्स प्रणालींवर आज मुळातून नसतात, ते वेगळे बसवावे लागतात.

एका फाइलमध्ये सर्व पत्रे साठविण्याऐवजी प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ठेवणारी मेलडिर ही रचना डी. जे. बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी केली. तेथे ‘कितव्या बाइटपासून’ या बिफच्या हिशेबाला अर्थ उरत नाही. बॅशमध्ये मात्र मेल या चलाला अशा डिरेक्टरीचे नाव देता येते.

टपाल दूरच्या सर्व्हरवर असेल, तर स्थानिक पेटीवर लक्ष ठेवून उपयोग नसतो. अशा वेळी फेचमेलसारख्या कार्यक्रमाने पत्रे स्थानिक पेटीत आणून वरील पद्धती वापरता येतात. जून 1997 मधील आरएफसी 2177 ने आयमॅप या टपाल नियमावलीत ‘आयडल’ ही आज्ञा आणली. तिच्यामुळे जोडणी उघडी ठेवून सर्व्हरच नव्या पत्राची वार्ता देतो. भ्रमणध्वनीवर आज मिळणाऱ्या सूचना याच ‘हाक मारून कळण्याच्या’ पद्धतीतील आहेत. दारातील घंटा आता खिशात वाजते, एवढाच फरक.

== हेही पहा ==

* युनिक्स
* शेल
* ई-मेल
* क्रॉन
* अर्नेट
* विदेश संचार निगम लिमिटेड